भावशोधाची तालीम

भावशोधाची तालीम : (नाट्य). पात्राच्या मनात काय चालले आहे, याचा ठाव नटाने संहितेबाहेरच्या सरावांतून घेण्याची पद्धत. हालचाली व संवाद बसवण्याच्या तालमीहून ती वेगळी; तीत घडलेले बहुतेक काही प्रेक्षकांपुढे येत नाही. ‘तालीम’ हा मूळचा अरबी शब्द शिक्षण या अर्थाचा. पुण्यात चिंचेची तालीम म्हटले की आखाडा डोळ्यांपुढे येतो, आणि अंगमेहनतीचा तो अर्थ इथेही लागू पडतो.

नटाला भावना खरोखर व्हावी लागते का, हा वाद जुना आहे. भरतमुनीच्या नाट्यशास्त्र या ग्रंथाचा काळ सर्वसाधारणपणे इ. स. पू. २०० ते इ. स. २०० असा धरतात. काही अभ्यासक तो आणखी पुढे आणतात. त्याच्या सातव्या अध्यायात स्तंभ, स्वेद, रोमांच, अश्रू इ. आठ सात्त्विक भाव सांगितले आहेत. सत्त्व मनातून उपजते आणि मन एकाग्र झाल्यावाचून ते साधत नाही. ज्याला दुःख नाही तो रडण्याचा अभिनय कसा करील, असा प्रश्नही तिथेच आहे. यावरून नटाने भाव प्रत्यक्ष अनुभवावा असे काहींनी मानले. दहाव्या-अकराव्या शतकांच्या सुमारास झालेला नाट्यशास्त्राचा टीकाकार अभिनवगुप्त मात्र रस नटात नसतोच असे म्हणतो. मद्याची चव भांड्याला कळत नाही, म्हणून तर नटाला ‘पात्र’ म्हणायचे. दोन्ही मतांचा मेळ घालायचा तर भरताचा भर एकाग्रतेवर आहे, वैयक्तिक दुःखावर नाही, असे वाचणे अधिक सयुक्तिक वाटते.

हाच पेच विसाव्या शतकात वेगळ्या रूपात आला. रशियन नट-दिग्दर्शक कॉन्स्तान्तिन स्तानिस्लाव्हस्की (१८६३–१९३८) याने फ्रेंच मानसशास्त्रज्ञ रिबो याच्याकडून भावस्मृतीची कल्पना घेतली : नटाने स्वतःचा जुना प्रसंग बारीकसारीक तपशिलांसह आठवायचा. अमेरिकेत अभिनयशिक्षक ली स्ट्रासबर्गने तिलाच केंद्रस्थान दिले. अमेरिकन अभिनेत्री स्टेला ॲडलर १९३४ मध्ये पॅरिसला स्तानिस्लाव्हस्कीला भेटली आणि नाटकातील परिस्थिती व कल्पनाशक्ती महत्त्वाची, असे सांगत परतली. अखेरच्या वर्षांत स्तानिस्लाव्हस्कीचा स्वतःचा भरही शारीरिक क्रियांवर होता : कृती नेमकी केली की भावना तिच्यामागून येते. तालमीच्या दृष्टीने हा मार्ग अधिक भरवशाचा. कृती रोज तशीच करता येते, आठवण मात्र वापरून झिजते, आणि कोवळ्या नटाला ती जखमही करू शकते.

उदाहरणार्थ, सासूच्या मृत्यूनंतरच्या प्रवेशात सून कोरडी वाटते. दिग्दर्शक संवाद बंद करतो, एक नऊवारी तिच्या हातात देतो आणि फक्त घडी घालायला सांगतो. पहिल्या दोन वेळा घडी नुसती होते. तिसऱ्या वेळी काठाजवळच्या रफूवर बोट थांबते, ती घडी मोडून पुन्हा घालते. त्या थांबण्यात राग आहे की माया, हे ठरवायची घाई करायची नाही. मग संवाद परत येतात. लुगडे नसते, थांबणे उरते. याच जातीचे इतर सराव म्हणजे अर्थहीन बोलीत प्रवेश करणे, भूमिकांची अदलाबदल, पात्राच्या नावाने पत्र लिहिणे आणि नाटकात न दाखवलेला प्रसंग उत्स्फूर्तपणे करून पाहणे.

पुण्यात चित्रपट प्रशिक्षण संस्थेत (स्थापना १९६०) रोशन तनेजा यांनी अभिनय शिकवला. ते न्यूयॉर्कला सॅनफर्ड माइसनर यांच्याकडे शिकले होते. माइसनर यांचा भर समोरच्या नटाला क्षणोक्षणी दिलेल्या प्रतिसादावर, म्हणजे आठवणीपासून दूर. पुणे विद्यापीठातील नाट्य, संगीत व नृत्य शिकवणारे ललित कला केंद्र १९८७ पासूनचे. १९६३ पासूनच्या पुरुषोत्तम करंडक या आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धेसाठी महाविद्यालयांच्या तालमी ऐन पावसाळ्यात रात्री उशिरापर्यंत चालतात. अनेकांना असे सराव पहिल्यांदा भेटतात ते तिथे, बहुधा वरच्या वर्गातल्या दादा-ताईंकडून, नाव न घेता.