नलारबॉरची वाट : आधी सायकल, मग मोटार

दक्षिण ऑस्ट्रेलियातील पोर्ट ऑगस्टा आणि पश्चिम ऑस्ट्रेलियातील नॉर्समन यांना जोडणारा आयर महामार्ग सुमारे १,६६० किलोमीटर लांबीचा आहे. नलारबॉरच्या वृक्षहीन पठारावरून तो कॅम्परव्हॅनने, म्हणजे राहण्या-झोपण्याची सोय असलेल्या गाडीने, पार करताना, सामानाने लादलेली सायकल रेटत चाललेला एखादा एकटा प्रवासी हटकून दिसतो. अशा वेळी गाडी कडेला घेऊन त्याच्या बाटल्या भरून दिल्या जातात. गाडीवाला यजमान आणि सायकलवाला पाहुणा, असा या भेटीचा थाट असला, तरी या वाटेवर वडीलकीचा मान सायकलचाच आहे.

नव्या प्रदेशांचा शोध घेणाऱ्या एडवर्ड आयर याने १८४१ मध्ये वायली या आदिवासी सोबत्यासह हा किनारी प्रदेश पायी आणि घोड्यांवरून ओलांडला. १८७७ मध्ये दोन्ही राज्यांच्या सीमेजवळील युक्लामार्गे तारायंत्राची तार टाकली गेली आणि खांबांच्या ओळीमुळे प्रवाशाला दिशा मिळाली. सायकलीला खरे दिवस आणले ते १८९२ मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियातील कूलगार्डीला सापडलेल्या सोन्याने. त्या कोरड्या मुलुखात पाणी विकत घ्यावे लागे, त्यामुळे घोडा पोसणे परवडत नसे. सायकलीला मात्र ना दाणा लागे ना पाणी. शिवाय उंटांच्या गादीसारख्या तळव्यांनी वाळू दाबली जाऊन ज्या अरुंद, टणक पायवाटा तयार होत, त्यांवरून हवा भरलेल्या टायरची सायकल सुरेख धावे. तारा, पत्रे आणि निरोप खाणींच्या वस्त्यांवर पोहोचवणारे सायकलस्वार तेथे नित्याचे झाले होते.

आर्थर रिचर्डसन हा सायकलस्वार २४ नोव्हेंबर १८९६ रोजी, म्हणजे ऐन उन्हाळ्याच्या तोंडावर, कूलगार्डीहून निघाला आणि तारेच्या खांबांचा माग धरत ३१ दिवसांनी ॲडलेडला पोहोचला. सोबत मोजके सामान आणि पाण्याची एक पिशवी. आपल्याकडे पूर्वी प्रवासात खिडकीबाहेर कॅनव्हासची छागल टांगत, हे ज्यांना आठवते त्यांना त्या पिशवीचे मोल सांगायला नको. पुढे ५ जून १८९९ रोजी पर्थहून निघून त्याने सायकलवर सबंध ऑस्ट्रेलियाची प्रदक्षिणा केली आणि ४ फेब्रुवारी १९०० रोजी तो परतला.

मोटार आली ती त्यानंतर, आणि तीही एका सायकलस्वाराच्या हातून. फ्रान्सिस बर्टल्स याने आधी सायकलवर हा खंड अनेकदा पालथा घातला होता. १९१२ मध्ये सिड फर्ग्युसनला बरोबर घेऊन त्याने फ्रीमँटलहून सिडनीपर्यंत मोटार नेली. मोटारींसाठी सलग रस्ता मात्र दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४१ पासून, बांधला गेला आणि त्याचे संपूर्ण डांबरीकरण व्हायला १९७६ उजाडले. आज कॅरव्हॅन घेऊन देश पाहणाऱ्या सेवानिवृत्तांची जी रीघ येथे दिसते, ती या डांबराचीच देणगी होय.

अंतरे मात्र होती तेवढीच आहेत. बॅलाडोनिया ते केग्यूना या १८२ किलोमीटरच्या टप्प्यात १४६.६ किलोमीटर रस्ता एकही वळण न घेता जातो. कॅम्परला दोन तासांचा हा पल्ला सायकलस्वाराला बहुधा मध्ये एक मुक्काम करायला लावतो, आणि तेवढे पाणी त्याला वाहावे लागते. दोन ट्रेलर जोडलेला लांबलचक मालट्रक, म्हणजे रोड ट्रेन, शेजारून गेली की वाऱ्याच्या झोताने सायकल डगमगते. म्हणूनच पुढे सायकलवाला असल्याची वर्दी ट्रकवाले आणि कॅरव्हॅनवाले रेडिओवरून एकमेकांना देतात. ताशी ६० किलोमीटरहून अधिक वेगाच्या रस्त्यावर सायकलस्वारापासून दीड मीटर अंतर राखण्याचा नियम दक्षिण ऑस्ट्रेलियात २०१५ पासून आणि पश्चिम ऑस्ट्रेलियात २०१७ पासून लागू आहे.

या भेटींत पाण्याखालोखाल देवघेव होते ती फळांची, आणि तिचे कारण काहीसे सरकारी आहे. पश्चिमेकडे जाणाऱ्यांची फळे-भाजी राज्यांच्या सीमेवरच तपासून काढून घेतली जाते. पूर्वेकडे निघालेल्याला असा नाका लागतो तो आणखी सुमारे ४८० किलोमीटरवर, सेडूना येथे. त्यामुळे सीमा जवळ आली की पश्चिमेकडे निघालेल्या कॅम्परमधली उरलेली सफरचंदे आणि संत्री समोरून येणाऱ्या सायकलवाल्याच्या पिशवीत जातात, आणि ती संपवायला त्याच्या हाती चार-पाच दिवस असतात.