क्षेपणास्त्राच्या डोळ्यातला भोवरा

टीव्हीवर युद्धाची चर्चा सुरू झाली की एक वाक्य हमखास कानावर पडतं : हे क्षेपणास्त्र विमानाची उष्णता हुंगत त्याच्या मागे धावतं. उष्णतेचं खरं आहे. मागे धावण्याचं मात्र तसं नाही. गाडीमागे धावणाऱ्या कुत्र्याच्या हाती काय लागतं, ते आपण रोज बघतो.

गळीत हंगामात परळीच्या रस्त्यानं मोटारसायकलवर निघा. डावीकडून फाट्याकडे उसाचा ट्रॅक्टर येतोय. तो तुमच्या आरशाच्या दांडीपासून पुढे पुढे सरकत असेल, तर तो आधी निघून जाईल. मागे पडत असेल, तर तुम्ही आधी. पण दांडीच्याच रेषेत राहून नुसता मोठा होत असेल, तर ब्रेक दाबा!

आपल्याला टक्कर टाळायची असते, क्षेपणास्त्राला ती हवी असते. म्हणून ते विमानाकडे जाणारी नजरेची रेषा फिरू देत नाही. रेषा ज्या वेगानं फिरेल त्याच्या साधारण 3 ते 5 पट वेगानं ते स्वतःची दिशा वळवतं. विमान किती लांब आहे, हे कळलं नाही तरी चालतं.

पण स्वतःच हेलकावत जाणाऱ्या नळकांड्याला रेषा फिरतेय हे कळणार कसं? इथं मला आपला भोवरा आठवतो. 1950 च्या सुमारास कॅलिफोर्नियातल्या चायना लेक इथल्या नौदलाच्या शस्त्रकेंद्रात विल्यम मॅकलीन या भौतिकशास्त्रज्ञाच्या गटानं साइडवाइंडर हे उष्णता हुंगणारं क्षेपणास्त्र घडवलं. त्याच्या नाकातला आरसा चुंबकासकट गरगर फिरतो. फिरता भोवरा आपला आस सहजी सोडत नाही. ढकलला तर ढकलल्या दिशेला न पडता काटकोनात कलतो, आणि जितका जोर तितक्या वेगानं कलतो. आता गंमत बघा. आरसा विमानावर रोखून ठेवायला त्याच्या चुंबकाला ढकलावं लागतं; त्यासाठी भोवतालच्या तारेच्या वेटोळ्यातून जेवढी वीज सोडावी लागते, ती वीज म्हणजेच रेषा फिरण्याचं माप! गणकयंत्र नको, काही नको. तोच संकेत पंखांना द्यायचा.

आरसा चुकतोय हे सांगते काळ्या-पारदर्शक पट्ट्यांची फिरती चकती. विमानाचा ठिपका तिच्यातून लुकलुकतो. ढग एकाच वेळी अनेक पट्ट्यांवर पसरतो, म्हणून तो फारसा लुकलुकत नाही. चूक कोणत्या बाजूला, ते चकतीच्या फेरीत लुकलुक नेमकी केव्हा होते त्यावरून कळतं.

'हे तर आपल्या शब्दवेधी बाणातच होतं' असे संदेश ग्रुपवर फिरतात. वेटोळ्याचं गणित कुठल्या श्लोकात आहे, ते कुणी सांगत नाही. अचूकतेचे ढोलही जपूनच ऐकावेत. सुरुवातीची साइडवाइंडर कधीकधी सरळ सूर्याकडे निघत. त्यांचा उष्णता टिपणारा लेड सल्फाइडचा डोळा इंजिनाचं मागचं तापलेलं तोंडच काय ते ओळखे, म्हणून ती विमानाच्या मागूनच सोडावी लागत. टीव्हीवरचं 'मागे' बहुधा तिथूनच आलं असावं. पुढे इंडियम अँटिमोनाइडचा डोळा उणे 196 अंशांपर्यंत थंड करून वापरू लागले, तेव्हा समोरून येणारं विमानही दिसू लागलं.

संध्याकाळी विहिरीच्या काठावर चतुर बघत बसा. तोही चिलटाच्या मागे लागत नाही, आडवा जातो.