आधी मूल, मग आई, शेवटी स्त्री : संकटकाळातील मदतीची पार्श्वभूमी

युद्ध, दुष्काळ किंवा भूकंपाने ग्रासलेल्या देशांसाठी निधी मागताना आज 'मुले आणि स्त्रिया' असा उल्लेख जोडीनेच केला जातो. मात्र मदतीच्या इतिहासात या दोघांना एकाच वेळी स्थान मिळालेले नाही.

पहिले महायुद्ध नोव्हेंबर १९१८ मध्ये थांबले, तरी दोस्त राष्ट्रांची नाकेबंदी पुढच्या उन्हाळ्यापर्यंत उठली नाही, आणि जर्मनी व ऑस्ट्रियातील मुलांची उपासमार सुरूच राहिली. तिची दाहकता दाखवणारी पत्रके लंडनच्या ट्रॅफल्गर चौकात वाटल्याबद्दल ब्रिटिश समाजसेविका एग्लंटाइन जेब यांना १९१९ मध्ये अटक होऊन पाच पौंडांचा दंड झाला. त्याच वर्षी त्यांनी बहीण डोरोथी बक्स्टन यांच्यासह 'सेव्ह द चिल्ड्रन' हा निधी उभारला. शत्रूच्या मुलांना अन्न द्यावे का, हा तेव्हा खरोखरच वादाचा प्रश्न होता. जेब यांनी मसुदा केलेला आणि राष्ट्रसंघाने (संयुक्त राष्ट्रांच्या आधीची जागतिक संघटना) १९२४ मध्ये स्वीकारलेला बालहक्कांचा जाहीरनामा त्याला थेट उत्तर देतो : संकटकाळी मदत सर्वप्रथम मुलाला मिळाली पाहिजे.

दुसऱ्या महायुद्धानंतर, ११ डिसेंबर १९४६ रोजी संयुक्त राष्ट्रांनी स्थापन केलेली युनिसेफ (मूळ नावानुसार 'आंतरराष्ट्रीय बाल आणीबाणी निधी') ही प्रामुख्याने युरोपातील मुलांसाठीची तात्पुरती सोय होती. युरोप सावरू लागताच ती गुंडाळण्याची भाषा सुरू झाली, तेव्हा पाकिस्तानचे प्रतिनिधी अहमद शाह बुखारी (उर्दू वाचकांचे लाडके विनोदी लेखक 'पतरस') यांनी १९५० मध्ये आशियातील मुलांच्या कायमच्या दैन्याकडे बोट दाखवले. १९५३ मध्ये संस्था कायम झाली. नावातून 'आणीबाणी' हा शब्द गळला, जुनी आद्याक्षरे मात्र तशीच राहिली.

स्त्रियांची वाट अधिक लांबची होती. युद्धकाळात नागरिकांना संरक्षण देणाऱ्या १९४९ च्या चौथ्या जिनिव्हा कराराचे कलम २३ पंधरा वर्षांखालील मुले, गरोदर स्त्रिया आणि बाळंतिणी यांच्यासाठीचे अन्न व कपडे नाकेबंदीतूनही जाऊ द्यावेत असे सांगते. म्हणजे येथे स्त्रीला सवलत मिळते ती आई म्हणून. शिवाय हा माल शत्रूच्या उपयोगी पडेल अशी सबळ शंका असल्यास वाट अडवण्याची मुभाही त्याच कलमात आहे, आणि ही पळवाट लहान नाही. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १९७४ मध्ये आणीबाणी व सशस्त्र संघर्षातील स्त्रिया आणि मुलांच्या संरक्षणाचा जाहीरनामा मंजूर केला खरा, परंतु जाहीरनामा कोणालाही बांधून ठेवत नाही.

निर्वासितांच्या छावणीतल्या स्त्रीला धान्याखेरीज आणखी कशाची गरज असते, हा प्रश्न बोस्निया आणि रवांडातील संघर्षांत स्त्रियांवर झालेल्या लैंगिक अत्याचारांनंतर टाळणे अशक्य झाले. १९९० च्या दशकाच्या मध्यास मदतसंस्थांनी प्रजनन आरोग्याच्या किमान सेवांचा संच ठरवला : सुरक्षित बाळंतपण, एचआयव्हीचा प्रसार रोखणे, लैंगिक हिंसाचाराला प्रतिबंध आणि बलात्कारपीडितेवर उपचार, आणि हे सर्व संकटाच्या पहिल्या काही दिवसांतच. ऑक्टोबर २००० मध्ये सुरक्षा परिषदेने ठराव क्रमांक १३२५ संमत केला, आणि त्यात स्त्रियांच्या संरक्षणाबरोबरच शांतता वाटाघाटींतील त्यांच्या सहभागाचीही मागणी होती.