गळा, घोटा आणि लोखंडी वजनं

नाशिकच्या कालिदास कलामंदिरात दुपारचा प्रयोग असला की सकाळीच नेपथ्याची गाडी मागच्या दाराला लागते. फ्लॅट, म्हणजे भिंती म्हणून रंगवलेल्या चौकटी, उतरतात, उभे राहतात, मागून त्यांना टेकू बसतात आणि तिसऱ्या घंटेच्या आत दिवाणखाना तयार होतो. प्रयोग संपला की तोच दिवाणखाना खोलून पुढच्या गावाला. फिरत्या नाटकाला हे सोयीचं, कारण बरीच नाटकं एका दिवाणखान्यात उरकतात. ऑपेरा आणि बॅलेला मात्र राजवाडा, जंगल, तळं असं एकामागून एक लागतं, तेही चटाचट. व्हिएन्नाचं स्टेट ऑपेरा, लंडनचं रॉयल ऑपेरा हाउस ही थिएटरं तिकीट काढून पडद्यामागूनही बघता येतात. युरोपच्या सहलीला निघालेल्या नाशिककरांनी खरेदीतला तासभर वाचवून तिथे घालवावा, असं माझं मत. झुंबरं आणि मखमल बघालच. पण रंगमंचाजवळ नेलं की मान वर करा.

वर छत जवळपास दिसतच नाही. दर्शनी चौकटीच्या अडीच-तीन पट उंचीचा मनोराच तिथे असतो. भलाथोरला रंगवलेला पडदा घडी न घालता सरळ वर नेऊन लपवायचा, तर तेवढी उंची हवीच. पडदा आडव्या पाइपला बांधलेला असतो. पाइपच्या तारा वरच्या कप्प्यांवरून बाजूच्या भिंतीकडे जातात आणि तिथे एका चौकटीत लोखंडी वजनं रचलेली असतात. दोन्हीकडचा भार सारखा झाला की दोन-तीनशे किलोचा पडदा एकटा माणूस दोर ओढून वर नेतो. त्याला वजन उचलायचं नसतंच. मात करायची ती फक्त घर्षणावर आणि जडत्वावर. सोसायटीच्या लिफ्टमागेही हीच युक्ती असते.

गोम आहे ती पडदा बदलताना. पाइप खाली आणून आधी पडदा सोडला, तर पलीकडची वजनं एकदम जड होतात आणि रिकामा पाइप सुसाट वर जातो. म्हणून काढताना आधी वजनं, मग पडदा. बांधताना आधी पडदा, मग वजनं. हा क्रम चुकवायची मुभा कोणालाच नाही. टांगलेलं वजन सुटलं तर काय होतं, हे पॅरिसने पाहिलंय. 1896 मध्ये पॅले गार्निए या ऑपेरागृहात झुंबराचं प्रतिवजन छत फोडून खाली आलं आणि एका प्रेक्षक बाईचा जीव गेला.

आता गळ्याकडे येऊ. ऑपेरात गायकाला माइक नसतो. आपल्याकडे 1880 मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांचं ‘संगीत शाकुंतल’ रंगभूमीवर आलं तेव्हाही नव्हता, पण साथीला मोजकी वाद्यं असत. ऑपेरात रंगमंचापुढच्या खड्ड्यात साठ-सत्तर वादक बसलेले असतात. एवढ्यांच्या डोक्यावरून एकटा माणूस ऐकू कसा येतो? नुसतं ओरडून नाही. वाद्यवृंदाची जास्तीत जास्त ऊर्जा 500 हर्ट्झच्या (सेकंदाला 500 कंपनांच्या) आसपास एकवटलेली असते आणि त्यावर ती झपाट्याने उतरते. तयार गायक घसा आणि स्वरयंत्राचा वरचा भाग अशा ठेवणीत आणतो की आवाजाची ताकद 3000 हर्ट्झजवळ उसळते. तिथे वाद्यांची गर्दी नसते आणि माणसाचा कानही नेमका त्याच पट्ट्यात सर्वात तीक्ष्ण असतो. स्वीडनचे आवाजाचे अभ्यासक योहान सुंडबेर्ग यांनी 1970 च्या दशकात हे मोजून मांडलं.

पुढचं काम वास्तूचं. पांडवलेण्यांतल्या 18 क्रमांकाच्या चैत्यगृहात गर्दी नसताना एक टाळी वाजवून बघा. दगड आवाज जवळजवळ शोषतच नाही, त्यामुळे टाळी घुमत राहते. हार्वर्डमधल्या एका नव्या व्याख्यानगृहाची अशीच रड होती. बोललेला शब्द पाचेक सेकंद रेंगाळायचा. 1895 मध्ये ते काम वॉलेस सॅबिन या तरुण प्राध्यापकाच्या गळ्यात पडलं. शेजारच्या सभागृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या तो रात्री उचलून आणायचा, ऑर्गनची नळी वाजवायचा, घुमारा विरेपर्यंतची वेळ मोजायचा आणि सकाळच्या आत गाद्या परत नेऊन ठेवायचा. त्यातून साधा नियम निघाला: दालनाचं घनफळ जितकं मोठं तितका घुमारा लांब, शोषण जितकं जास्त तितका तो आखूड. शोषणाचं मापही त्याने मजेशीर निवडलं, उघडी खिडकी, कारण तिच्यातून गेलेला आवाज परत येत नाही. त्या मापात एक प्रेक्षक म्हणजे ढोबळमानाने अर्धा चौरस मीटर उघडी खिडकी! हाउसफुल्लचा बोर्ड लागला की थिएटरचा आवाज बदलतो तो यामुळे. सिम्फनीच्या, म्हणजे नुसत्या वाद्यवृंदाच्या दालनात घुमारा दोनेक सेकंद चालतो. ऑपेरात शब्द कळायला हवेत, म्हणून तिथे सव्वा ते दीड सेकंद बरा.

बॅलेत सगळा भार घोट्यावर. उंच उडी मारून उतरताना पायावर शरीराच्या वजनाच्या कित्येक पट बल येतं. काँक्रीटवर रोज असं उतरलं तर नडगीच्या हाडाला बारीक तडे जातात. म्हणून फळ्यांखाली लवचीक थर असतो. पाय थांबायला काही मिलिसेकंद जास्त मिळाले की धक्क्याचा जोर तेवढा उतरतो.

विंगेच्या कोपऱ्यात पिवळट खड्यांचा एक ट्रे दिसला तर वाकून पाहा. ती राळ, सारंगीच्या गजाला लावतात तीच. नर्तकी बुटाची टोकं त्यात घासते. राळेचं स्थिर घर्षण जास्त आणि सरकतं घर्षण कमी असतं. त्यामुळे बोटांच्या टोकांवर उभं असताना बूट घसरत नाही आणि गिरकी सुरू झाली की अडतही नाही. सारंगीची तारही याच गुणामुळे गजाला चिकटते, सुटते, पुन्हा चिकटते आणि वाजते.

ऑपेराच्या अवजड नेपथ्याला टणक जमीन लागते, बॅलेला लवचीक. म्हणून कित्येक थिएटरांत बॅलेसाठी वेगळी जमीन अंथरतात आणि नंतर काढून ठेवतात. गाइडला विचारा, आज पायाखाली कोणती आहे.