चाळीस आणि शंभर: इन्सुलिनच्या दोन ताकदी कुठून आल्या?

इन्सुलिन १९२१ मध्ये टोरोंटोत हाती लागले, पुढच्या वर्षी रुग्णाला टोचले गेले. प्राण्यांच्या स्वादुपिंडापासून १९८२ च्या मानवी इन्सुलिनपर्यंतची कथा बहुतेकांना ठाऊक असते. नागपुरात धंतोलीतल्या औषध दुकानाच्या काउंटरवर ४० आणि १०० युनिटच्या इन्सुलिनचा जो घोळ होतो, त्याचे मूळ मात्र दुसरीकडे आहे.

सुरुवातीला इन्सुलिन अनेक ताकदींत मिळे. मात्रेच्या चुका टाळायला अमेरिकेने १९७० च्या दशकात आणि ब्रिटनने १९८३ पासून एका मिलिलिटरला १०० युनिट ही एकच ताकद धरली. भारतात स्वस्त कुपी ४० युनिटचीच राहिली. तिची बाजूही घ्यायला हवी: त्याच सिरिंज सगळीकडे मिळत होत्या आणि पातळ औषधातून लहान मात्रा मोजणे सोपे जाते. पण १९८५ मध्ये डेन्मार्कमध्ये पहिले इन्सुलिन पेन, म्हणजे पेनाच्या आकाराचे टोचण्याचे साधन, बाजारात आले. पुढे ती पेने इकडे आली ती १०० युनिटची कार्ट्रिज (पेनात बसणारी औषधाची नळी) घेऊन, आणि नवी इन्सुलिनेही १०० च्या कुपीत मिळू लागली. जुने मागे घ्यायचे धाडस कुणी केले नाही. आता एकाच घरात दोन्ही असतात.

४० ची सिरिंज लाल टोपीची, १०० ची केशरी. लाल सिरिंजने १०० चे औषध २० च्या रेषेपर्यंत ओढले तर शरीरात ५० युनिट जातात, म्हणजे अडीचपट. उलट, केशरी सिरिंजने ४० चे औषध २० च्या रेषेपर्यंत ओढले तर जेमतेम ८. पहिल्या चुकीने साखर एकदम खाली येऊन माणूस बेशुद्ध पडू शकतो. कुपीवरचा आकडा आणि टोपीचा रंग जुळवून पाहणे हे इथे टोचण्याइतकेच महत्त्वाचे.

बाकी टोचणे पेनमुळे सोपे झाले. सुई चार मिलिमीटरची, जागा पोट किंवा मांडी, तीही रोज थोडी बदलायची; बटण दाबल्यावर दहापर्यंत मोजून मगच सुई काढायची. दुधाळ इन्सुलिन आधी हातात घोळवायचे, जोरात हलवायचे नाही. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे गेला की फ्रिज नसलेल्या घरात ओल्या मडक्याचा आधार घेतात, आणि तो कामाला येतो.

मधुमेह आणि वजनासाठी आठवड्यातून एकदा घ्यायची टिर्झेपटाइडसारखी नवी इंजेक्शने इन्सुलिन नव्हेत. त्यांची मात्रा मिलिग्रॅममध्ये असते. टिर्झेपटाइड मार्च २०२५ मध्ये भारतात आले तेही आधी कुपीतच, म्हणजे पुन्हा सिरिंज आली. युनिटच्या रेषा मारलेल्या सिरिंजने मिलिग्रॅमचे औषध घ्यायचे, तर किती भरायचे हे डॉक्टरांनी मिलिलिटरमध्येच लिहून द्यायला हवे.