तिकीट मिळाल्यावर कोर्स करायला कोर्टाची परवानगी कशाला लागते?

टेक्ससमध्ये माझ्या रूममेटला स्पीडिंगचं पहिलं तिकीट (म्हणजे चलान) मिळालं तेव्हा पठ्ठ्याने ते मिटवायला त्याच रात्री ऑनलाइन डिफेन्सिव्ह ड्रायव्हिंगचा कोर्स विकत घेतला, सहा तास लॅपटॉपसमोर बसला (टायमर असतो, पान पुढे ढकलता येत नाही) आणि सर्टिफिकेट घेऊन कोर्टाच्या खिडकीवर गेला, तर आतल्या बाईंनी विचारलं, परवानगी कुठाय?

मुळात हा कोर्स कोर्टासाठी जन्मलाच नव्हता. नॅशनल सेफ्टी कौन्सिल या अमेरिकन संस्थेने 1964 मध्ये तो सुरू केला, समोरचा चुकणारच असं धरून आपण गाडी कशी चालवायची हे शिकवायला. तिकिटाशी त्याची गाठ नंतर वेगवेगळ्या राज्यांच्या कायद्यांनी मारली, आणि प्रत्येकाने आपापल्या पद्धतीने.

टेक्ससची पद्धत अशी, की तिकिटावरच्या हजर राहायच्या तारखेपर्यंत तुम्ही गुन्हा कबूल करायचा किंवा नो कॉन्टेस्ट म्हणायचं (कबूल नाही, पण लढतही नाही) आणि सोबत कोर्ससाठी अर्ज करायचा. मग जज निकाल लांबवतो आणि 90 दिवस देतो, तेवढ्यात सर्टिफिकेट आणि ड्रायव्हिंग रेकॉर्ड आणून दिलं की केस डिसमिस. म्हणजे कोर्स काय कोणीही कधीही करावा, परवानगी लागते ती निकाल थांबवायला. आधीच कोर्स करून आलात तर निकाल थांबवलेलाच नसतो, मग तो कोर्स धरणार कसा!

बरं ही जजची मेहरबानी पण नाही. अटी बसत असतील तर कायदा जजला हो म्हणायलाच लावतो. 12 महिन्यांत एकदाच, वेग लिमिटपेक्षा ताशी 25 मैल किंवा जास्त नको, ताशी 95 मैल किंवा त्यावर तर नाहीच, इन्शुरन्स हवा. आधीच्या कोर्सला 12 महिने झाले नसतील किंवा अर्जाची तारीख हुकली असेल तर मात्र जजच्या मर्जीवर, आणि तेव्हा तो दंडाएवढी रक्कम पण लावू शकतो. कोर्ट कॉस्ट तर दोन्हीकडे भरावीच लागते.

ट्रकवाल्यांना हे दार बंद आहे. 1999 च्या फेडरल कायद्यानंतर कमर्शियल लायसन्सवाल्याचा गुन्हा असा झाकता येत नाही, मग तो त्या दिवशी घरची गाडी का चालवत असेना.

कॅलिफोर्नियाने तर आपल्या ट्रॅफिक स्कूलचा (तिथला असाच कोर्स) नियमच बदलला. आधी केस डिसमिस व्हायची, 1 जुलै 2011 पासून गुन्हा रेकॉर्डवर राहतो, फक्त गुप्त ठेवतात, आणि तेही 18 महिन्यांत एकदाच. मला हे जास्त प्रामाणिक वाटतं, कारण कोर्स केला म्हणून आपण जोरात गाडी चालवलीच नव्हती असं थोडंच होतं.

टेक्ससमध्ये मध्यंतरी कोर्सचं महत्त्व अजून होतं, 2003 च्या कायद्याने गुन्ह्यागणिक पॉइंट आणि त्यावर सरचार्ज (दंडाशिवाय वेगळे पैसे) आणले होते, लोक पैसे भरता भरता लायसन्स गमावून बसले, शेवटी 2019 मध्ये ते गुंडाळलं. आता मुख्य काळजी इन्शुरन्सचा हप्ता वाढायची.

आपल्याकडे 2019 च्या मोटर वाहन दुरुस्तीत रिफ्रेशर कोर्स आला, पण तो लायसन्स जप्त झाल्यावर परत मिळवायला, चलान मिटवायला नाही.

रूममेटची तारीख सुदैवाने उलटली नव्हती. अर्ज केला, परवानगी मिळाली, आणि मग तेच सहा तास, तेच व्हिडिओ, तोच टायमर परत.