हिरोक्लिक्समधील दुर्मीळ फिगर

हिरोक्लिक्स हा अमेरिकी कॉमिक्समधल्या सुपरहिरोंच्या छोट्या प्लास्टिक मूर्ती घेऊन चौकटींच्या पटावर खेळायचा लढाईचा खेळ आहे. विझकिड्स या अमेरिकी कंपनीने तो २००२ मध्ये बाजारात आणला. खेळणारे या मूर्तींना ‘फिगर’ म्हणतात, म्हणून या नोंदीतही तोच शब्द वापरला आहे. फिगर रंगवलेल्या आणि खेळायला तयार अशाच येतात, पण बंद खोक्यात. कोणती हाती लागेल ते खोके फोडल्याशिवाय कळत नाही. काही फिगर ढिगाने निघतात, तर काही शंभरावर खोक्यांत एखादी. खेळाभोवती संग्राहकांची मोठी दुनिया उभी राहिली ती या दुसऱ्या प्रकारच्या फिगरांमुळे.

फिगर हातात घेतली की आधी नजर जाते पोशाखाकडे आणि उगारलेल्या मुठीकडे. जाणकार मात्र आधी तिचा तळ पाहतो. मूर्ती एका जाडसर गोल बैठकीवर चिकटवलेली असते. बैठकीच्या पोटात फिरणारी तबकडी, म्हणजे डायल, आणि कडेला एक लहानशी खिडकी. खिडकीत एका वेळी चारच आकडे दिसतात: चाल, हल्ला, बचाव आणि इजा. फिगरला मार बसला की जितकी इजा तितके खटके डायल फिरवायची. प्रत्येक खटक्याला ‘क्लिक’ असा स्पष्ट आवाज येतो आणि खेळाच्या नावातला ‘क्लिक्स’ त्यावरूनच आला. आकड्यामागच्या चौकोनाचा रंग त्या क्षणी अंगात असलेली शक्ती सांगतो. मार खाता खाता बहुतेक पात्रांचे आकडे उतरत जातात. हल्कसारखे पात्र मात्र मधल्या खटक्यांवर उलट चवताळते, कारण कॉमिक्समध्येही तो डिवचल्यावरच जास्त धोकादायक होतो. कागद-पेन्सिल न घेता एखाद्या पात्राचा स्वभाव प्लास्टिकच्या चकतीत बसवणे, ही या खेळाची खरी करामत आहे.

डायलची ही कल्पना जॉर्डन वाइसमन यांची. त्यांनी २००० मध्ये विझकिड्स स्थापन केली. त्याआधी फासा या खेळकंपनीच्या संस्थापकांपैकी ते एक होते. त्याच वर्षी आलेल्या ‘मेज नाइट’ या जादू-तलवारींच्या खेळात हा डायल पहिल्यांदा वापरला गेला. त्यात अंतर टेपने मोजावे लागे, तर हिरोक्लिक्समध्ये दीड इंचाच्या चौकटींचा पट आला आणि नवख्यांची सोय झाली. मार्व्हलचा पहिला संच ‘इन्फिनिटी चॅलेंज’ आणि डीसीचा ‘हायपरटाइम’ हे दोन्ही २००२ चेच. एरवी एकमेकांच्या पानांवर क्वचितच येणारी दोन प्रकाशनगृहांची पात्रे इथे एकाच पटावर उभी ठाकली, आणि सुपरमॅन व हल्क यांच्यात कोण भारी या मित्रांमधल्या वादाला फाशांनी उत्तर मिळू लागले.

सुरुवातीच्या वर्षांत दुर्मीळपणा बैठकीच्या कड्याच्या रंगावरून ओळखता येई. स्पायडर-मॅन किंवा वुल्व्हरीनसारख्या पात्राच्या एकाच साच्यातून तीन आवृत्त्या निघत: पिवळ्या कड्याची रूकी, निळ्याची एक्स्पिरियन्स्ड आणि लाल कड्याची व्हेटरन. मूर्ती तीच, डायल वेगळा. नवशिक्या वुल्व्हरीन स्वस्त आणि कच्चा असे, मुरलेला वुल्व्हरीन महाग आणि चिवट. या तिघांच्या वर रुपेरी कड्याची युनिक फिगर. तिला स्वतःचा वेगळा साचा असे आणि ती एका संघात एकदाच घेता येई. तिन्ही रंगांचा संच पुरा करायचा तर एकच पात्र तीनदा मिळवावे लागे. त्यातून दुकानांमध्ये अदलाबदलीचा बाजार भरू लागला: ‘माझ्याकडे दोन लाल आहेत, तुझ्याकडे निळा आहे का?’

२००७ च्या सुमारास ही पद्धत जाऊन कॉमन, अनकॉमन, रेअर आणि सुपर रेअर अशी उतरंड आली. पात्राची खास शक्ती लिहिलेले कार्डही फिगरसोबत मिळू लागले. या उतरंडीच्या माथ्यावर ‘चेस’ फिगर असते. चेस म्हणजे पाठलाग, आणि नाव अगदी चपखल आहे. चेस फिगर बहुधा ओळखीच्या पात्राचे एखादे विलक्षण रूप घेऊन येते. सुरुवातीच्या चेसमध्ये मार्व्हलचे नायक झॉम्बी होऊन आले होते, सडलेल्या कातडीचे आणि फाटक्या पोशाखातले. पुढे ‘प्राइम’ हा आणखी एक प्रकार आला. त्याचे कडे हिरवे, आणि संघात प्राइम एकच घेता येते.

चेस किती दुर्मीळ हे हिशेब मांडल्याशिवाय लक्षात येत नाही. नव्या पद्धतीत एका खोक्यात, म्हणजे बूस्टरमध्ये, साधारण ५ फिगर असतात. १० बूस्टरची एक ब्रिक आणि २० बूस्टरची एक केस. एका केसमागे साधारण एक चेस निघते असे मानले जाते. समजा संचात ६ चेस आहेत आणि त्या सारख्याच प्रमाणात भरल्या आहेत. मग मनात धरलेली एक चेस मिळायला सरासरी ६ केस फोडाव्या लागतील, म्हणजे १२० खोकी आणि ६०० फिगर. सहाही चेस नशिबाच्या जोरावर जमवायच्या तर सरासरी १५ केसच्या आसपास, म्हणजे जवळजवळ १,५०० फिगर. शेवटची एक सगळ्यात जास्त दमवते, कारण तोवर निघणाऱ्या सहापैकी पाच चेस आपल्याकडे आधीच असलेल्या असतात. म्हणून शहाणा संग्राहक थोडी खोकी हौसेखातर फोडतो आणि उरलेल्या फिगर सुट्या विकत घेतो.

कारखान्याने मोजूनमापून ठरवलेला हा दुर्मीळपणा मला या सगळ्यात सर्वांत कमी मोलाचा वाटतो, कारण पैसे असतील त्याला तो कधीही विकत मिळतो. तिथे हजर असल्याखेरीज जे मिळत नसे, त्याला मी अधिक मान देईन. लिमिटेड एडिशन फिगर खोक्यात येत नसत. दुकानांत भरणाऱ्या स्पर्धांची ती बक्षिसे होती, आणि बक्षीस नेहमी जिंकणाऱ्यालाच जाई असेही नाही. खिलाडूपणासाठीही ते दिले जाई, त्यामुळे हरूनही फिगर घरी नेणारे खेळाडू असत. सॅन डिएगोचे कॉमिक-कॉन हा कॉमिक्सचाहत्यांचा मेळावा आणि खेळांची जत्रा असलेले जेन कॉन इथे खास फिगर काढल्या जात आणि त्यासाठी रांगा लागत. पुढे दुकानांतल्या खेळासाठी इन्फिनिटी गॉन्टलेट, म्हणजे मार्व्हलच्या कथांमधल्या शक्तिशाली हातमोज्याची मालिका आली. तिच्यात हातमोजा आणि त्यात बसवायचे सहा खडे महिन्यामहिन्याने मिळवायचे होते. एक महिना चुकला की एक खाच रिकामी राही. असा पुरा झालेला हातमोजा दिसला तर तो सलग कित्येक महिने एका ठरलेल्या दुकानात जात राहिलेल्या माणसाचा असतो.

या वर्गात थोर या मार्व्हलच्या हातोडाधारी देव-नायकाच्या रथाचे स्थान वेगळे आहे, आणि ते समजायला कंपनीचा इतिहास लागतो. टॉप्स या जमवायची चित्रकार्डे आणि च्युइंगगम काढणाऱ्या कंपनीने २००३ मध्ये विझकिड्स विकत घेतली आणि नोव्हेंबर २००८ मध्ये तिचे काम थांबवले. खेळ संपला असेच बहुतेकांना वाटले. ज्यांच्याकडे शंभर-दोनशे फिगर होत्या त्यांच्यापुढे प्रश्न पडला की आता याचे करायचे काय. २००९ मध्ये न्यू जर्सीच्या नेका या खेळणी-कंपनीने खेळाचे हक्क घेतले. त्याच वर्षीच्या चाहत्यांच्या मेळाव्यांत थोरचा रथ आला: दोन बोकडांनी ओढलेला, आणि वर हातोडा घेऊन उभा थोर. खेळ बंद पडलेला नाही हे चाहत्यांना त्या रथाने सांगितले. त्या वर्षी तो हातात घेतलेल्यांना ही गोष्ट डायलवरच्या आकड्यांपेक्षा मोठी वाटली असेल, यात मला शंका नाही.

तिसऱ्या प्रकारचा दुर्मीळपणा कोणी ठरवून आणत नाही, तो काळाच्या ओघात येतो. २००३ च्या ‘इंडी’ संचात मार्व्हल-डीसीबाहेरच्या प्रकाशकांची पात्रे होती, हेलबॉय आणि जज ड्रेड त्यांतलीच. अशा पात्रांचे हक्क ठरावीक मुदतीपुरते घेतलेले असतात. मुदत सरली की तोच साचा पुन्हा वापरता येत नाही. त्या वेळी दुकानाच्या टोपलीत पडून असलेली साधी फिगरही मग हळूहळू दिसेनाशी होते. कित्येक फिगर अशाही गेल्या की मूल मोठे झाले, घर बदलले आणि खोका रद्दीत निघाला. कॉमन म्हणून कोणी सांभाळून न ठेवलेली फिगर वीस वर्षांनी चांगल्या स्थितीत मिळणे हे चेस मिळण्याइतकेच कठीण होऊ शकते.

दुर्मीळ फिगर म्हणजे बलाढ्य फिगर, हा नवख्यांचा नेहमीचा समज. खेळाची घडण तसे होऊ देत नाही. प्रत्येक फिगरला गुण असतात आणि संघ ठरलेल्या गुणांत, बहुधा ३०० मध्ये, बसवावा लागतो. दोन फासे टाकून आलेली बेरीज आपल्या हल्ल्याच्या आकड्यात मिळवायची. समोरच्याच्या बचावाइतकी किंवा त्याहून जास्त झाली तर वार लागतो. दोन एक्के पडले तर कोणताही महाबली चुकतोच. त्यामुळे समोरच्याची शक्ती तात्पुरती बंद पाडणारी ‘आउटविट’ किंवा एखादा आकडा एकाने वरखाली करणारी ‘परप्लेक्स’ बाळगणारी स्वस्त, साधी फिगर मुरलेल्या खेळाडूला सोन्यासारखी असते. दोन्ही बाजूंचे आकडे काठाकाठावर असताना तो एकचा फरक डाव फिरवतो.

किमतीवर आणखी एका गोष्टीचा परिणाम होतो, तो म्हणजे स्पर्धेचा प्रकार. ‘मॉडर्न एज’ स्पर्धेत अलीकडचेच संच चालतात, तर ‘गोल्डन एज’मध्ये जुनेही. एखादी जोरदार चेस मॉडर्न एजमध्ये चालते तोवर खेळाडू आणि संग्राहक दोघेही तिच्यामागे असतात. ती तिथून बाहेर पडली की खेळाडू आपली विकायला काढतात. ज्याला ती केवळ कपाटात ठेवायची आहे त्याने घेण्याची वेळ हीच. बंद खोकी न पाहता घ्यावी लागण्याच्या या आंधळ्या खरेदीबद्दलची तक्रार खरी आहे. हातखर्चाचे पैसे साठवून आणलेल्या दोन खोक्यांत आधीच्याच फिगर निघाल्या की मुलाचा चेहरा पडतो. २०१९ मध्ये आलेल्या ‘मार्व्हल: क्रायसिस प्रोटोकॉल’ या मूर्तींच्याच खेळाने दुसरी वाट धरली. तिथे खोक्यात काय आहे ते बाहेरच लिहिलेले असते, पण जोडणे आणि रंगवणे आपल्याकडे.

जुनी फिगर घेताना बैठकीवर छापलेले नाव, संचाचे चिन्ह आणि क्रमांक पाहून घ्यावेत, कारण मूर्ती एका बैठकीवरून काढून दुसरीवर चिकटवता येते. कार्ड हरवले असेल तर किंमत उतरते. डायल पूर्ण फिरवून पाहावा. चांगला डायल प्रत्येक खटक्याला अडतो, आणि सैल झालेला असेल तर पटावर नुसता धक्का लागूनही आकडे सरकतात. उडणाऱ्या पात्रांना पेलणारी पारदर्शक दांडी सगळ्यात आधी मोडते. नाकाच्या शेंड्यावरचा आणि मुठीवरचा रंग हाताळून उडतो. नवा रंग दिलेली फिगर दिसायला कितीही सुरेख झाली तरी संग्राहक तिला मूळ मानत नाही. भाले, तलवारी, ताणलेले हात यांचे प्लास्टिक मऊ असते आणि बंद खोक्यातच वाकते. त्यावर सोपा उपाय आहे. वाकलेला भाग थोडा वेळ कढत पाण्यात धरायचा, बैठक मात्र बाहेर ठेवायची, कारण आत ओल गेली तर डायलवरचा कागद खराब होतो. प्लास्टिक नरम पडले की बोटांनी हलकेच सरळ करायचे आणि लगेच गार पाण्यात बुडवायचे. दहा-बारा वर्षे वाकून राहिलेला भाला मिनिटभरात ताठ उभा राहतो.